सीडी १३५ : मंद

ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या (एएमएल) फायलीत दोन कागद पाठोपाठ लावलेले असतात. पहिला फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे रंग लावलेल्या अँटीबॉडींनी पेशीच्या अंगावरच्या सीडी-क्रमांकाच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीचा: ब्लास्ट (कच्च्या ल्युकेमिया पेशी) भरपूर, सीडी ३४ पॉझिटिव्ह, सीडी ११७ पॉझिटिव्ह, सीडी १३५ मंद. दुसरा काही दिवसांनी आलेला मॉलिक्युलरचा, म्हणजे जनुकाच्या तपासणीचा: फ्लिट-३ आयटीडी (जनुकाचा तुकडा दुबार छापला गेल्याचा बिघाड) पॉझिटिव्ह. सीडी १३५ आणि फ्लिट-३ ही एकाच रिसेप्टरची दोन नावं. म्हणजे जो रिसेप्टर बिघडून पेशीला बेबंद वाढायला लावतोय असं दुसरा कागद सांगतो, तोच पेशीच्या अंगावर जेमतेम दिसतोय असं पहिला म्हणतो. नवी आलेली रेसिडेंट दोन्ही कागद पुढे धरून विचारते, "मॅडम, यातला कुठला धरायचा?" राउंडच्या घाईत उत्तर मिळतं, "मॉलिक्युलर धर." उपचार ठरवायला ते पुरेसं आहे. प्रश्न मात्र तिथे मिटत नाही, कारण फ्लोचा कागदही खोटा नसतो. अंगावर इतकं थोडं असून आत एवढा गोंधळ कसा चालतो, हे त्यात उरतंच.

वाढीचा संदेश घेणारे हे रिसेप्टर मुळातच किती विरळ असतात, इथून सुरुवात करावी लागते. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पेशीच्या कडेनं रिसेप्टरांची दाटी काढलेली असते आणि तीच डोक्यात बसते. प्रत्यक्षात जीएम-सीएसएफसारख्या ग्रोथ फॅक्टरचे उच्च आकर्षणाचे, म्हणजे फॅक्टर घट्ट धरणारे, रिसेप्टर एका ल्युकेमिया पेशीवर काही शे, फार तर हजार-दोन हजार. पाचशे धरू. बारा मायक्रॉन व्यासाच्या ब्लास्टचा पृष्ठभाग, सुरकुत्या न मोजता, साधारण ४५० चौरस मायक्रॉन. म्हणजे एका चौरस मायक्रॉनला जेमतेम एक रिसेप्टर. रिसेप्टरची रुंदी दहा नॅनोमीटरच्या आसपास, आणि शेजारचा रिसेप्टर त्याच्या शंभरपट अंतरावर. खळ्यात एक लिंबू ठेवलं, तर दुसरं चार मीटर लांब असावं, इतकी ही विरळ वस्ती. आणि तेवढ्यावर पेशीचं जगणं-मरणं ठरतं.

हे आकडे मिळाले ते किरणोत्सर्गी आयोडीन वापरून. १९६० च्या दशकाच्या मध्यावर मेलबर्नमध्ये ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी, आणि त्याच सुमारास इस्रायलमध्ये प्लुझ्निक आणि सॅक्स यांनी, आगरमध्ये मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) पेशींच्या वसाहती वाढवून दाखवल्या. त्या वसाहती बाहेरून काहीतरी मिळाल्याशिवाय उगवत नव्हत्या. ते 'काहीतरी' शुद्ध करायला पुढची वीसेक वर्षं गेली. शुद्ध रेणू हातात आल्यावरच त्याला आयोडीन-१२५ चिकटवून 'हा पेशीवर नेमका किती जागी बसतो' असं विचारता आलं. मेलबर्नमध्येच निकोला आणि मेटकाफ यांनी १९८४ मध्ये जी-सीएसएफसाठी दाखवलं की त्याला प्रतिसाद देणाऱ्या ल्युकेमिया पेशींवर तो बसतो आणि प्रतिसाद न देणाऱ्यांवर बसत नाही. आज हे सरळसोट वाटतं. पण रिसेप्टर आहे का, हा प्रश्न हो-नाहीतून आकड्यात आला तो असल्या कामांमुळे.

ती पद्धत आता फारशी कुणी करत नाही, तरी तिचे टप्पे माहीत असावेत, कारण त्यातली प्रत्येक चूक आजच्या यंत्रांमध्येही वेगळ्या वेषात भेटते. आधी पेशी थंड बफरमध्ये धुवायच्या. त्यांच्या अंगावर रक्तातला किंवा त्यांनी स्वतःच बनवलेला फॅक्टर आधीच बसलेला असू शकतो, म्हणून तीनच्या आसपास पीएच असलेल्या ग्लायसिनच्या बफरमध्ये मिनिटभर बुडवून तो सोडवायचा आणि लगेच पीएच पूर्ववत करायचा; जास्त वेळ ठेवलं तर पेशी मरतात. मग लेबल केलेला फॅक्टर वेगवेगळ्या सांद्रतेला, दहा पिकोमोलरपासून एक-दोन नॅनोमोलरपर्यंत, आठ-दहा ट्यूबमध्ये घालायचा. प्रत्येक ट्यूबची एक जोडीदार ट्यूब ठेवायची, तिच्यात लेबल नसलेला फॅक्टर शंभरपट. त्या जोडीदारात जे चिकटतं ते वाटेल तिथे चिकटलेलं, ते वजा करायचं. सगळं ४ अंशांवर, कारण ३७ अंशांवर फॅक्टर बसला की रिसेप्टर त्याला घेऊन आत जातो आणि अंगावरचा हिशेब बिघडतो. शेवटी पेशी अरुंद ट्यूबमध्ये तेलाच्या किंवा सीरमच्या थरावर हळूच सोडून सेंट्रिफ्यूज करायच्या. पेशी थर भेदून तळाला जातात, मोकळा फॅक्टर वर राहतो. ट्यूब गोठवून तळाचं टोक कापायचं आणि टोक व वरचा द्रव वेगवेगळे मोजायचे.

गणित करून पाहिलं की हात थबकतो. एक कोटी पेशी, प्रत्येकीवर पाचशे जागा, म्हणजे ५०० कोटी रेणू, म्हणजे जेमतेम आठ फेम्टोमोल. प्रत्येक रेणूवर आयोडीनचा एक अणू बसलाय असं मानलं, तरी मिनिटाला साधारण ४० हजार विघटनं मिळतात. प्रत्यक्षात मिळतात त्याहून बरीच कमी, कारण जास्त आयोडीन चढवायला गेलं तर रेणूच निकामी होतो. क्लोरामाइन-टी वापरून केलेलं लेबलिंग झटपट होतं, पण ते मेथिओनिनचं ऑक्सिडेशन करतं, आणि ते मेथिओनिन रिसेप्टरला भिडणाऱ्या जागी असलं की लेबल झळकतं आणि फॅक्टर मेलेला असतो. तेच आठ फेम्टोमोल २०० मायक्रोलिटरमध्ये पसरले की रिसेप्टरची सांद्रता होते ४० पिकोमोलर, आणि जीएम-सीएसएफचं उच्च आकर्षणही तशाच पिकोमोलरच्या घरातलं. म्हणजे खालच्या सांद्रतेच्या ट्यूबमधला बराचसा फॅक्टर पेशीच पिऊन टाकतात. 'घातला तेवढाच मोकळा आहे' असं धरून काढलेलं आकर्षण साफ चुकतं. म्हणूनच वरचा द्रव मोजायचा, तो टाकून द्यायचा नाही. शिवाय ४ अंशांवर समतोल यायला तास लागतात, आणि सांद्रता जितकी कमी तितके जास्त. घाई केली की स्कॅचर्ड आलेखाची रेघ वाकते.

वाकलेल्या रेघेनं माणसांची डोकी खूप पिकवली. या आलेखात बांधलेला फॅक्टर भागिले मोकळा एका अक्षावर, बांधलेला दुसऱ्यावर. सरळ रेघ आली तर एकच प्रकारची जागा. जीएम-सीएसएफची रेघ बऱ्याच ल्युकेमिया पेशींत वाकडी आली आणि 'दोन प्रकारच्या जागा' असा निष्कर्ष निघाला. काहींची रेघ नुसती वजाबाकी चुकल्यानं वाकलेली होती. पण इथे खरोखरच दोन जागा होत्या. १९८९ मध्ये रिसेप्टरची अल्फा साखळी क्लोन झाली. ती एकटी फॅक्टर धरते, पण सैल, काही नॅनोमोलरला. पुढच्या वर्षी बीटा साखळी मिळाली. ती एकटी काहीच धरत नाही, पण अल्फाला जोडली की पकड पन्नास-शंभरपट घट्ट होते, आणि आतला संदेशही तीच पाठवते. ही बीटा जीएम-सीएसएफ, इंटरल्युकिन-३ आणि इंटरल्युकिन-५ या तिघांत सामाईक आहे. त्यामुळे मानवी ल्युकेमिया पेशींवर इंटरल्युकिन-३ घातलं की जीएम-सीएसएफ निसटायचं. दोघांच्या अल्फा वेगळ्या असूनही भांडण एका बीटासाठी चालायचं. त्या काळचे निबंध वाचताना या कोड्यावर माणसं किती झुरली ते कळतं.

आज फारसं कुणी आयोडीन हाताळत नाही. आज फ्लो आहे, आणि फ्लोमध्ये 'मंद' हा शब्द आहे.

हा शब्द फार उदार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 'मंद' म्हणजे किती? खरा आकडा हवा असेल तर फायकोएरिथ्रिन हा चमकणारा रंग लावलेली अशी अँटीबॉडी घ्यावी लागते की जिच्यावर रंगाचा एकच रेणू आहे. तिच्यासोबत ठरावीक संख्येनं रंग असलेल्या मण्यांचा नमुना त्याच व्होल्टेजला चालवायचा आणि मण्यांच्या रेघेवरून पेशीमागे किती अँटीबॉडी बसल्या ते वाचायचं. अँटीबॉडीची मात्रा आधी टायट्रेट करून संपृक्त असल्याची खात्री करायची. एवढं करूनही अँटीबॉडीला दोन हात असतात, आणि एकीनं दोन रिसेप्टर धरले की मोजणी निम्मी येते. खालच्या टोकाला तर आणखी अडचण. पेशीची स्वतःची चमक आणि वाटेल तिथे चिकटलेली अँटीबॉडी मिळून रंगाच्या काही शे रेणूंइतकी खोटी चमक आधीच तयार असते, आणि आपले रिसेप्टरही तेवढेच. मोनोसाइटिक ब्लास्ट असतील तर त्यांच्यावर सीडी ६४ असतो. तो उंदराच्या आयजीजी-२ए वर्गाच्या अँटीबॉडीला शेपटीकडून पकडतो, आणि रिसेप्टर नसतानाही सुंदर शिखर दिसतं. मानवी आयजीजी आधी घालून ती शेपूट-पकड अडवायची, मेलेल्या पेशी ७-एएडी या रंगानं ओळखून वगळायच्या आणि मगच गेट लावायचं, म्हणजे मोजायच्या पेशी निवडायच्या. नांदेड-लातूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई-पुण्याला येणारा मॅरो थेट बर्फावर ठेवलेला असेल, तर सकाळी निम्म्या पेशी फुटलेल्या असतात. मग सीडी १३५ काय आणि दुसरं काय. खोलीच्या तापमानाला, त्याच दिवसात पोचलेला नमुना कुठल्याही महागड्या अँटीबॉडीपेक्षा जास्त कामाचा.

अंगावर रिसेप्टर कमी दिसण्याला आणखी एक कारण असतं, आणि ते पेशीच्या वागण्यातच आहे. काही एएमएलच्या ब्लास्ट जीएम-सीएसएफ स्वतःच बनवून सोडतात. १९८६ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. अशी पेशी आपलाच फॅक्टर आपल्याच रिसेप्टरवर झेलते. रिसेप्टर भरतो आणि आत ओढला जातो. बाहेर राहतात ते थोडे, आणि त्यातले काही भरलेले. अँटीबॉडी फॅक्टरच्याच जागी बसणारी असेल तर तिला ते भरलेले दिसतच नाहीत. त्यामुळे 'कमी' हा शब्द पेशी थंड असल्याचं लक्षण समजून वाचला की फसगत होते. कधीकधी सगळ्यात जास्त संदेश घेणारी पेशी सगळ्यात कमी रिसेप्टर दाखवते.

प्रयोगशाळेत हे समजून घ्यायला टीएफ-१ ही पेशी-ओळ (फ्लास्कमध्ये कायम वाढवता येणाऱ्या पेशींचा वंश) चांगली. जपानमध्ये एरिथ्रोल्युकेमियाच्या रुग्णापासून ती तयार झाली आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. आरपीएमआय १६४० हे माध्यम, दहा टक्के सीरम आणि मिलिलिटरला २ नॅनोग्रॅम जीएम-सीएसएफ, एवढ्यावर ती मजेत वाढते. इंटरल्युकिन-३ वरही जगते. फॅक्टर काढला की दोन-तीन दिवसांत फ्लास्कमधल्या गोल, चकचकीत पेशी दाणेदार होतात, कडा फुटतात, तळाला कचरा साचतो. हे नीट चाललंय का याची परीक्षा सोपी आहे: प्रत्येक नवी कुपी उघडली की एक छोटा फ्लास्क फॅक्टरशिवाय ठेवायचा. तो जगला तर ती ओळ बाद. फॅक्टर घालायला विसरलेले शनिवार-रविवार, जुना होऊन कमजोर झालेला फॅक्टर, किंवा वारंवार वितळवलेली कुपी, यातून फॅक्टरशिवाय तगणाऱ्या पेशींची निवड गुपचूप होत राहते. मग महिन्याभरानं प्रयोग जुळेनासे होतात आणि सगळे सीरमच्या लॉटला दोष देत बसतात. उत्तेजनाचा प्रयोग करायचा असेल तर आधी रात्रभर फॅक्टर आणि सीरम कमी करून पेशी उपाशी ठेवायच्या, मग फॅक्टर घालून पाच-दहा मिनिटांत थांबवायचं. पेशी फोडण्याच्या लायसिस बफरमध्ये ऑर्थोव्हॅनाडेट असलंच पाहिजे, नाहीतर फॉस्फेटेज ही एन्झाइम चालू रिसेप्टरवर चढलेलं फॉस्फेट हातातल्या हातात काढून टाकतात. आणि ते ऑर्थोव्हॅनाडेट आधी पीएच १० ला उकळून पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत तयार केलेलं असावं. पिवळं द्रावण वापरून ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या पडद्यावर) आलेली कोरी पट्टी 'रिसेप्टर शांत आहे' असं सांगते, आणि तिच्यावर विश्वास ठेवून माणसं आठवडे घालवतात.

आता फ्लिट-३ कडे. हा केआयटी, एफएमएस आणि पीडीजीएफ रिसेप्टरच्या घराण्यातला, ९९३ अमिनो आम्लांचा. पडद्याबाहेर पाच घड्या, आत दोन तुकड्यांचं कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं यंत्र), आणि पडद्याला लागून आतल्या बाजूला एक छोटा पट्टा. हा पट्टा एरवी कायनेजमध्ये घुसून त्याला बंद ठेवतो. फ्लिट-३ लिगँड, म्हणजे या रिसेप्टरवर बसणारा फॅक्टर, बाहेरून आला, दोन रिसेप्टर जवळ आले, की पट्टा बाजूला होतो. १९९६ मध्ये जपानी संशोधकांना एएमएलच्या रुग्णांत या पट्ट्याच्या भागात जनुकाचा तुकडा दुबार छापलेला सापडला. तुकडा तीन बेसपासून चारशेपेक्षा जास्त बेसपर्यंत कितीही असतो, पण नेहमी तीनच्या पटीत, म्हणजे पुढचं वाचन बिघडत नाही. ही आयटीडी. एएमएलच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत ती असते. पट्टा लांबला की तो कुलूप म्हणून बसत नाही आणि लिगँडशिवाय कायनेज चालू राहतं.

इथेच त्या मंद शिखराचं उत्तर आहे. रिसेप्टर पेशीच्या आतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या जाळ्यात घडतो, तिथे त्याला साखरेच्या अर्ध्याकच्च्या साखळ्या लागतात. वजन सुमारे १३० किलोडाल्टन. पुढच्या टप्प्यावर, गॉल्जीत, जाऊन साखळ्या पक्क्या झाल्या की १६०, आणि मग तो अंगावर येतो. साधा रिसेप्टर बहुतेक १६० वर दिसतो. आयटीडीवाल्याची घडी जमत नाही आणि कायनेज वाटेतच चालू झालेलं असतं, म्हणून त्याचा मोठा हिस्सा १३० लाच, रेटिक्युलममध्ये अडकतो. ब्लॉटवर दोन पट्ट्या दिसतात आणि खालची दाट असते. खालची खरंच कच्ची आहे का हे साखळ्या कापणारा एंडो-एच घालून कळतं: कच्च्या साखळ्या तो कापतो, पट्टी ११० च्या आसपास उतरते, आणि १६० ची पट्टी ढिम्म राहते. पीएनगेज-एफ दोन्ही कापतो, तो सोबत ताडून बघायला. मोलम-१३ या पेशी-ओळीत साधं आणि बिघडलेलं दोन्ही जनुक आहेत, एमव्ही-४-११ मध्ये साधं उरलेलंच नाही. दोन्ही ओळी शेजारच्या खणांत चालवल्या की हे नजरेला नीट पटतं.

रेटिक्युलममध्ये अडकलेला आयटीडी गप्प बसत नाही. तिथूनच तो स्टॅट-५ या संदेशवाहक प्रथिनाला चेतवतो, जे साधा रिसेप्टर अंगावरून फारसं करत नाही. मॅप कायनेज आणि एकेटी हे रस्ते मात्र अंगावर पोचलेल्या रिसेप्टरकडूनच जोरात चालतात. म्हणजे रिसेप्टर पेशीत कुठे आहे त्यावर तो काय बोलतो ते ठरतं. फ्लोचा कागद अंगावरचं मोजतो, मॉलिक्युलरचा जनुक वाचतो, आणि मधला रेटिक्युलममधला मोठा साठा दोघांच्याही नजरेबाहेर राहतो. एकच नमुना पेशी न भेदता आणि भेदून, दोन ट्यूबमध्ये रंगवला तर हा साठा दिसू शकतो. रोजच्या पॅनलमध्ये ते कुणी करत नाही, आणि खर्च बघता करावं असंही मी म्हणणार नाही.

मॉलिक्युलरच्या कागदालाही आपल्या खोडी आहेत. फ्रॅगमेंट अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून बघताना, साध्या जनुकाचं शिखर नेहमीच्या प्रायमरनी ३३० बेसच्या आसपास येतं आणि आयटीडीचं त्याच्या उजवीकडे. दोन्हींच्या क्षेत्रफळांचा भागाकार म्हणजे अ‍ॅलिलिक रेशो. पण पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत, लहान तुकड्यावर जास्त प्रेम करतो. लांब आयटीडीचं शिखर आहे त्यापेक्षा बुटकं येतं. २०१७ च्या युरोपियन ल्युकेमियानेटच्या जोखमीच्या वर्गवारीत या रेशोवर ०.५ ची रेघ होती, २०२२ मध्ये ती काढून टाकली, हे चांगलंच झालं. डी८३५ चा, म्हणजे ८३५ व्या अमिनो आम्लाचा, वेगळा बिघाड असतो आणि त्याची जुनी युक्ती देखणी आहे: ८३५ आणि ८३६ या जागांचे कोडॉन मिळून इको-आर-व्ही या एन्झाइमची कापायची खूण बनते, बिघाड झाला की खूण पुसली जाते आणि तुकडा अखंड राहतो.

औषध सुरू झाल्यावर चित्र आणखी उलटतं. कायनेज थांबवलं की अडकलेला आयटीडी पुढे सरकतो, साखळ्या पक्क्या होतात आणि अंगावरचा सीडी १३५ वाढतो. क्विझार्टिनिबसारख्या इन्हिबिटरबरोबर प्रयोगशाळेत हे दिसलंय, आणि फ्लिट-३ वर नेम धरणाऱ्या टी-पेशी किंवा अँटीबॉडी या वेळी जास्त नीट पकडू शकतात का, याचा अभ्यास त्यातूनच सुरू झाला. म्हणून उपचार चालू असलेल्या रुग्णाचा सीडी १३५ चढलेला दिसला तर आजार उसळलाय असं लगेच धरू नये. दुसरी गुंतागुंत लिगँडची. केमोथेरपीनं मॅरो रिकामा झाला की रक्तातला फ्लिट-३ लिगँड कित्येक पटींनी चढतो आणि मिलिलिटरला हजारो पिकोग्रॅमपर्यंत जातो. मिडोस्टॉरिन हे फ्लिट-३ चं इन्हिबिटर ज्या चाचणीवरून २०१७ मध्ये मंजूर झालं, तिच्यात ते केमोच्या ८ व्या ते २१ व्या दिवसापर्यंत, ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं होतं. म्हणजे नेमकं लिगँड चढत असताना. लिगँड जास्त असला की तोच परिणाम साधायला इन्हिबिटर जास्त लागतो. क्विझार्टिनिब कायनेजच्या बंद रूपालाच धरतो, डी८३५ चा बिघाड झाला की ते रूप टिकत नाही आणि औषध हुकतं. गिल्टेरिटिनिब चालू रूपालाही धरतो, म्हणून तिथे चालतो. त्यालाही वाट चुकवतात ते एनआरएएससारख्या पुढच्या टप्प्यावर बिघाड झालेल्या पेशी. त्यांच्यात रिसेप्टर औषधानं पुरता बंद असतो आणि वाढ चालूच राहते.

म्हणून आजार परत आला की निदानाच्या वेळचा कागद पुढे ओढून काम भागत नाही. आयटीडी काहींच्या पुनरागमनात नाहीशी झालेली असते, काहींच्यात नव्यानं उगवते, काहींच्यात तिच्याजागी डी८३५ किंवा आरएएस आलेला असतो. नवा मॅरो, नवा डीएनए, फ्लिट-३ चे दोन्ही बिघाड आणि सोबत आरएएस, एवढं एका वेळी मागवावं. आणि मागणीपत्रावर रुग्ण कुठल्या इन्हिबिटरवर आहे, शेवटचा डोस कधी घेतला, हे लिहावं, कारण फ्लोचा 'मंद' की 'ठळक' हे वाचणाऱ्याला त्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.